बंद माइकचा वर्ग

हे सांगायचं मी काही वर्षं टाळत आलो. आधी वाटायचं, एवढीशी गोष्ट, कोण लक्षात ठेवणार. मग वाटू लागलं, आता फार उशीर झाला. गेल्या महिन्यात इनामदार सर गेले. दफनाच्या वेळी त्यांचा जुना विद्यार्थी अमोल, जो आता पानिपतला नोकरी करतो, माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "काका, सर देवमाणूस होते. फक्त शेवटी शेवटी त्यांनी आमचे माइक का बंद केले, ते कधी कळलं नाही." कबरीवर माती पडत होती. मीही पुढे होऊन मूठभर माती टाकली.

याकूब इनामदार मूळचे बार्शीकडचे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आम्ही बरोबर होतो, ते अनुवादाकडे आणि मी प्रशासनात. निवृत्तीनंतर दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळानं करोलबागेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या या मुलांना सर मराठी साहित्याचा पेपर शिकवत, व्यवस्था मी बघत असे. सरांची एक पद्धत होती. समजावता समजावता ते मध्येच थांबत आणि वर्गातून 'हं' ऐकू आल्याशिवाय पुढे सरकत नसत. गावाकडे गोष्ट ऐकणारा हुंकार देतो ना, तसं. परभणीचा अमोल मुद्दाम गप्प बसायचा.

"काय रे परभणी, समजलं नाही?"

"समजलं सर, पटलं नाही."

"मग तसं हूं कर. न पटल्याचा हुंकार वेगळा असतो."

वर्ग हसायचा. पण त्या आवाजांवरूनच सरांना कळायचं, कोण अडकलंय, कोण पुढे गेलंय आणि कोण आज उपाशी आलंय.

मग टाळेबंदी आली. मुलं गावी परतली आणि वर्ग ऑनलाइन घ्यायचं ठरलं. मंडळात कॉम्प्युटर फक्त मलाच कळतो असा माझा लौकिक होता, आणि तो मला आवडायचाही. मीटिंगचं ॲप, स्क्रीनवर लिहायची पाटी, रेकॉर्डिंग, सगळं मी शिकून घेतलं. सर नोएडातल्या त्यांच्या फ्लॅटमधून शिकवत आणि मी माझ्या घरून मीटिंग चालवत असे. डेटा वाचवायला मुलं कॅमेरे बंद ठेवत. पहिल्या वर्गाला नुसता गोंधळ झाला. कुणाकडे कुकरच्या शिट्ट्या, कुणाकडे हिंदी बातम्या, मध्येच एक म्हैस ओरडली. सर खुशीत म्हणाले, "बघा, हिनं पण हुंकार दिला." मला तो पोरखेळ वाटला. दुसऱ्या वर्गाआधी मी सगळ्या मुलांचे माइक बंद केले आणि त्यांना ते उघडता येऊ नयेत असं सेटिंग करून ठेवलं. चॅटही बंद केलं. सरांना सांगायला मात्र विसरलो... त्या दिवशी मी खरोखरच विसरलो होतो.

वर्गात सर थांबले. "कळतंय ना?" शांतता. पुन्हा थांबले. पुन्हा तेच. वर्ग संपल्यावर त्यांचा फोन आला. "दाते, मुलं बोलतच नाहीत हो. तुमच्याकडे काही बटण-बिटण राहिलंय का?"

तेव्हा मला आठवलं. पण माझं सगळं कसं चोख चाललंय, हे मी नुकतंच मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना ऐकवलं होतं. मी म्हणालो, "नाही मास्तर, इकडे बिल्कुल ओके आहे. मुलांनाच रस नसेल. आजकाल त्यांना आयत्या नोट्स हव्या असतात, तुमचं हे थांबणं कंटाळवाणं वाटत असेल."

एकदा हे बोलून गेल्यावर माइक उघडायची सोय राहिली नाही. उघडले असते तर मुलं बोलली असती आणि मी खोटा पडलो असतो. अमोलचा फोनवर मेसेज आला, "काका, माइक सुरू होत नाहीये." मी लिहिलं, "सरांनीच बंद ठेवायला सांगितलेत. शिस्त." त्यावर सरांना थेट विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मुलांना वाटलं सर बदलले, सरांना वाटलं मुलं बदलली. मधे मी बसलो होतो.

सर मग थांबेनासे झाले. एका सुरात वाचत जायचे. थोड्याच आठवड्यांत त्यांनी वर्ग सोडला. "माझ्या बोलण्यात आता दम राहिला नाही," एवढंच कारण दिलं. मंडळानं दुसऱ्या कुणाचे तरी व्हिडिओ लावून दिले. पुढे करोलबागेतला वर्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा बोलावलं तरी सर आले नाहीत. रेहानावहिनी एकदा म्हणाल्या, "घरातही बोलत नाहीत हो. पुस्तकं गठ्ठे बांधून माळ्यावर टाकलीत."

शेवटचं भेटायला गेलो तो सांगायचं ठरवूनच. आजारानं सर पार वाळले होते. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "दाते, तुमचे एक उपकार आहेत माझ्यावर. मुलांना माझा कंटाळा आलाय, हे बाकी कुणी सांगितलं नसतं. तुम्ही तोंडावर सांगितलंत. नाहीतर हसं होईपर्यंत शिकवत बसलो असतो."

मी आत हाक मारून वहिनींना साखर कमी घालायला सांगितलं.

अमोल, आणि त्या वर्गातल्या सगळ्यांनो, सरांनी तुमचे माइक बंद केले नव्हते. मी केले होते. त्यांना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

हे छापायला देण्याआधी मी वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगता भाऊजी? त्यांना सांगायचं होतं."

सरांच्या त्या शेवटच्या भेटीला नोएडाला जाताना मेट्रोत मी ते वाक्य कितीदा तरी मनात जुळवलं होतं... मास्तर, मुलं रोज उत्तर देत होती. मीच ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. मला...