हरीभाऊंची न कापलेली पानं

हरीभाऊ गेल्याचं मला वामनकाकांनी सांगितलं. पामहून सायकल दामटत ते आमच्या वीजकेंद्राच्या बांधकामाच्या फाटकाशी आले, घाम पुसला आणि म्हणाले, "दांडीचा हरी गेला. होडी उलटली. सकाळी किनाऱ्याला लागला." हातातली नकाशांची गुंडाळी तशीच धरून मी उभा राहिलो. पहिला विचार आला तो... सांगायला लाज वाटते... त्यांच्या पानांचा.

आम्ही चौघे वाचणारे. दर रविवारी दुपारी वामनकाकांच्या वाडीतल्या पडवीत बसायचो. माकुणसारहून निवृत्त गुरुजी येत, दांडीहून हरीभाऊ तांडेल, आणि चौथा मी, नोकरीपायी साताऱ्याहून आलेला ड्राफ्ट्समन. अभिजात तेवढंच वाचायचं हा हट्ट गुरुजींचा, नियमांचा हट्ट माझा. सध्याची कादंबरी जुनी, जाडजूड, कडा न कापताच बांधलेली. पानं एकमेकांना चिकटलेलीच. एका रविवारी एकाचीच पाळी; त्याने आपली आठ पानं कापायची आणि मोठ्याने वाचायची. दुसऱ्याच्या पानांत डोकावायचं नाही. कुणी आला नाही, तर त्याची पानं त्याच्यासाठी ठेवून पुढे जायचं. त्यामुळे आमच्याकडे माणसं आधी मरत आणि मग त्यांची लग्नं लागत, पण चर्चा मात्र रंगायची. हरीभाऊ अक्षराखाली बोट ठेवून वाचत. आठ पानांना अर्धा तास. कापायला त्यांनी एक सुरी काकांकडेच ठेवली होती. "मासलीची येगली, पुस्तकाची येगली," म्हणायचे.

शेवटच्या रविवारी माझं वाचन संपलं, तेव्हा भावाशी भांडून घर सोडलेला नायक वीस वर्षांनी त्याच दाराशी येऊन उभा होता. दार कोण उघडतं, ते हरीभाऊंच्या पानांत होतं. ते म्हणाले, "सायेब, माजी पानं आजच वाचू द्या. होडी काढायची हाय, पुढल्या रविवारी नाय जमायचं." गुरुजींनी मान हलवली होती. मीच अडून बसलो. पाळी म्हणजे पाळी! हरीभाऊ हसले, पण मला वाटतं, मनाला लागलं त्यांच्या. जाताना म्हणाले, "बरं, ठेवा मग. कोनी कापू नका. मी येऊन वाचीन."

बाराव्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे जमलो. ती पानं कापायला कुणाचाच हात धजेना. गुरुजी म्हणाले, हरीला वाचायला लागला असता तेवढा वेळ गप्प बसू. पुस्तक मध्ये ठेवून बसलो. भर दुपार होती, वाडीत चिकूचं पानही हलत नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही, पण तिघांनी मान वर केली ती एकदम. कुणी खूण केली नव्हती. अर्धा तास झाला होता.

"दार धाकट्या भावानं उघडलं," गुरुजी हळूच म्हणाले.

"हातात कंदील," काका म्हणाले. "डाव्या हातात."

मलाही कंदील डाव्याच हातात दिसला होता. आणि त्या दोघांना मी अजून सांगितलेलं नाही, मला भावाचं बोलणंही ऐकू आलं होतं. सावकाश, एकेका अक्षराखाली बोट ठेवल्यासारखं... "ये आत. माजा राग नाय तुज्यावर."

आता पुस्तक माझ्या खोलीत, टेबलावर असतं. त्यावर ती सुरी. कामावरून आलो की मी ती उचलतो, पात्याला अंगठा लावून पाहतो. आठच पानं आहेत, दोन मिनिटांचं काम. ते वाक्य आत छापलेलं असेल, तर हरीभाऊ आले होते, वाचून गेले आणि मला क्षमा करून गेले. नसेल, तर ते सगळं माझ्याच मनातलं, आणि ते माझ्यावर रागावूनच गेले.

मी सुरी परत जागेवर ठेवतो.