सरकारी बंगल्याचा कठडा

केबिन रोडने जाताना ती चोरी आजही आठवते, आणि तपासाचे श्रेय कोणी घेतले तेही आठवते.

डोंगरीच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातला एक बंगला आहे. पूर्वी तिथे बडे सरकारी अधिकारी राहत. दुरुस्ती चालू असताना त्याच्या जिन्याचा कोरीव सागवानी कठडा कोणीतरी कापून नेला. ठेकेदाराने फिर्याद दिली आणि संशय रखवालदारावर घेतला. तो मराठवाड्यातला, बायको-मुलींसह आवारातल्या खोलीत राहायचा.

"त्यालाच आत घ्या, प्रकरण मिटवा," आमचे साहेब म्हणाले. साहेब थेट अधिकारी म्हणून आलेले. मी पोलीस शिपायाचा निरीक्षक झालेलो. माझे डोकेच फिरले. "पंचनामा मी केलाय, अटक कोणाला ते मीच ठरवीन," असे सुनावून बाहेर पडलो.

रखवालदार एवढेच म्हणाला, "साहेब, मला नेलं तर खोली जाईल. पोरींना घेऊन ही कुठं जाईल?"

दोनेक दिवसांत खबर आली की केबिन रोडवर जुने फर्निचर विकणाऱ्या एका शेठकडे तसाच कठडा आलाय. साध्या कपड्यांत गेलो. शेठने भाव सांगितला, मी मुद्दाम चौथाईवर आलो. माझी आई भाजी विकायची. घासाघीस मी तिच्या पाटीमागे बसून शिकलो. आता हा मला हाकलणार, अशी माझी खात्री.

"ले जाओ, भाई. टेम्पो बुलाऊँ?"

मला रागच आला. "काय शेठ, भांडणार पण नाही?"

"आपको लेना है ना?"

ओळखपत्र पुढे केले. "चला, उरलेला भाव ठाण्यात करू."

चौकशीत माल गुजरातचा असल्याचे त्याने छातीठोकपणे सांगितले. मी शेठला घेऊन कठडा बंगल्यावर नेला आणि पंचांसमोर जिन्यात उरलेल्या खुंटांवर टेकवला. करवतीची रेघ न रेघ जुळली. तेव्हा शेठने विकणाऱ्याचे नाव घेतले: फिर्याद देणारा ठेकेदार!

सत्कार साहेबांचा झाला. कठडा परत मिळाल्याची पाटी बंगल्यावर लागली, तिच्यावर नावही त्यांचेच आहे. तो राग अजून गेलेला नाही. पण एक शिकलो. माणूस काय सांगतो ते नंतर ऐकावे. आधी हातातली वस्तू सोडताना त्याचा जीव किती तुटतो ते पाहावे.

परवा नातीला बंगला दाखवायला नेले. तोच रखवालदार, आता पिकलेला. पाटीकडे त्याने पाहिलेही नाही. दार उघडून नातीला म्हणाला, "कठडा धरून चढ, बाळा. तुझ्या आजोबांनी परत आणलाय."