कानबाईच्या रविवारी मोजलेले गहू

मागच्या वर्षी श्रावणात, कानबाईच्या रविवारी सकाळी, माझ्या थोरल्या भावाने आईला सांगितले की या वेळी माझे गहू मोजू नकोस. फौजेतून निवृत्त होऊन तो घरी आला त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. निवृत्तीच्या आधी एक वर्ष तो आफ्रिकेत होता, शांतिसेनेच्या तुकडीत. देशाचे नाव त्याने घरात एकदाच घेतले. त्यानंतर सगळे 'आफ्रिका' एवढेच म्हणत.

आमचे गाव धुळ्याहून एसटीने पाऊण तासावर आहे. कानबाई ही देवी खानदेशात अनेक घरांत बसते आणि प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असते. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू माणसे मोजून घेतात. माणसे म्हणजे पुरुष, बायका मोजत नाहीत. प्रत्येकाचे नाव घ्यायचे, त्याच्या नावाने पाच मुठी गहू सुपात टाकायचे, मग सगळे एकत्र दळून त्याच पिठाचे रोट करायचे. मुलगा जन्मला की पुढच्या श्रावणात त्याच्या पाच मुठी सुरू होतात. माणूस गेला की बंद होतात. रोट भाऊबंदांनीच खायचे आणि घरातच संपवायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. ज्याचे गहू मोजले जात नाहीत तो एक तर जन्मलेला नाही किंवा गेलेला आहे. तिसरा प्रकार आमच्या घरात नव्हता.

भाऊ नोकरीवर असताना श्रावणात फार कमी वेळा घरी असे. तरी आईने त्याच्या मुठी कधी चुकवल्या नाहीत. आफ्रिकेच्या वर्षीही नाही.

तो परत आला तेव्हा गावाने फाट्यापासून मिरवणूक काढली. उघडी जीप, डीजे, फेटा. जीपवर तो हात जोडून उभा होता. पारावर सत्कार झाला. तिथे आमच्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला.

"फौजी, कितला मारात तिकडे?"

"एक बी नही, नाना. रस्ता कया आम्ही. पूल बांधा."

"आफ्रिकामा जाईसन रस्ता कया? आरे, आपला गावना बाकी शे ना!"

लोक हसले. भाऊही हसला. त्याचे म्हणणे खरे होते. त्याची तुकडी रस्ते बांधणारी होती आणि तो डोझर चालवत असे.

मी जळगावला वर्तमानपत्रात काम करतो. पुढच्या काही महिन्यांत तिथून गावी गेलो तेव्हा जे पाहिले ते असे. तो ताट घेऊन गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून जेवायचा. पंगतीत बसायचा नाही. त्याचा मुलगा ट्रॅक्टर मागे घ्यायला लागला आणि ट्रॉली बांधाला लागू नये म्हणून त्याने बापाला हात दाखवायला बोलावले, तर हा तिथून चालू लागला. मुलगा हाका मारत राहिला. शेवटी वहिनीने मागे उभे राहून हात दाखवला. ती मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरवाले. तुम्ही इचारा. माले ते सांगत नही."

मी विचारले. तो पेन्शनच्या कामासाठी जळगावला माझ्याकडे आला होता. संध्याकाळी आम्ही मेहरूण तलावावर फिरायला गेलो. त्याने सांगितले ते थोडक्यात असे. त्याच्यासोबत ओडिशाचा एक जण होता. दोघे एकाच डोझरवर आळीपाळीने काम करायचे आणि एकाच तंबूत राहायचे. पावसानंतर भराव खचला आणि डोझर उतारावरून खाली गेला. तेव्हा डोझरवर तो जोडीदार होता. मृतदेह विमानाने भारतात गेला. तुकडी तिथेच राहिली. त्याच्या दहाव्याच्या दिवशी ही माणसे त्याच भरावावर मुरूम टाकत होती. मुदत संपल्यावर तुकडी भारतात परतली, सगळे रजेवर आपापल्या घरी गेले. त्याच्या घरी कोणी गेले नाही.

डोझर उतारावर चालवताना समोर एक माणूस उभा राहून हातांनी इशारे करतो, हे त्यानेच मला पूर्वी कधीतरी सांगितले होते. मी विचारले, "त्या वेळी समोर कोण होतं?"

तो म्हणाला, "चल, उशीर झाला."



कानबाईच्या रविवारी सकाळी आईने सूप समोर घेतले. आमची आणि नानांची कानबाई एकत्र, आमच्या घरी बसते. नाना पाटावर बसले होते, त्यांची दोन मुले आणि नातू शेजारी. आमच्या घरातले चार पुरुष: भाऊ, मी आणि आम्हा दोघांचे मुलगे. वडील जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. आईने वयाप्रमाणे सुरुवात केली. नानांचे नाव घेतले, पाच मुठी टाकल्या. मग भावाचे नाव घेण्यासाठी तिने मूठ भरली.

"माय, एक जण वाढाव," भाऊ म्हणाला. तो दारात उभा होता.

नानांनी मान वर केली. "कोन रे? नवा पोऱ्या व्हयना का तुले?" ते आईकडे वळले. "वहिनी, पेढा आना!"

नानांची मुले हसली.

"मन्हा जोडीदार शे."

"आपला कुळना शे का?"

"नही."

"जित्ता शे का?"

"नही."

आता कोणी हसले नाही. नानांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "तुन्हा बापना मुठी बंद कयात ना आपण? मन्हा सख्खा भाऊ व्हता तो. मीच सांगं तुन्हा मायले, की आते मोजू नको. मंग हाई कोन?"

भाऊ आईकडे पाहत होता. "त्यानी मांगेल शे, माय. तंबूमा. मी रोटनं सांगं, तो हसना आनि म्हणे, मेरी भी पाँच मुट्ठी डलवा दे. मी हा म्हनेल शे."

आईची मूठ सुपावर तशीच होती. ती म्हणाली, "भाऊ, मरेल माणूसना मोजतस नही."

"मंग मन्हा मोजू नको. मन्हा जागे त्यान्हा मोज. तितलाच व्हतीन."

हिशेबाने ते बरोबर होते. आकडा बदलत नव्हता. आईने मात्र मुठीतले गहू परत पोत्यात टाकले आणि पदराने हात पुसला.

"तू माले काय सांगी राहिना, तुले समजस का?" ती म्हणाली. "तू आफ्रिकामा व्हता, फोन लागे नही, तवय बी मी तुन्हा मोजात. आते तू मन्हा दारमा उभा शे, आनि मी मोजू नको?"

तिने पुन्हा मूठ भरली. भावाचे नाव एरवीपेक्षा मोठ्याने घेतले आणि पाच मुठी टाकल्या. पुढे माझे नाव आले. ते घेऊन झाले तेव्हा दारात कोणी नव्हते.

तो दुपारच्या एसटीने जळगावला गेला आणि माझ्या घराच्या पायरीवर बसून राहिला. घराला कुलूप होते, कारण आम्ही सगळे गावी होतो. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा ते कळले. गावात संध्याकाळी पंगत बसली. नाना जेवले, मी जेवलो. आई जेवली नाही. भावाच्या वाटणीचे रोट तिने पितळी डब्यात झाकून ठेवले. रोट घरातच संपायला हवेत म्हणून नानांनी मंगळवारी ते माझ्या पुतण्याला खायला सांगितले. पुतण्या म्हणाला, "मन्हा बाप जित्ता शे, त्यान्हा मी कसाले खाऊ?" बुधवारी आईने डबा नदीवर नेला आणि रिकामा परत आणला. आमच्या घरात रोट असे वाहत्या पाण्यात गेल्याचे कोणाला आठवत नाही.

त्यानंतर नाना आमच्या घरी येईनासे झाले. त्यांनी आपली कानबाई वेगळी मांडायचे ठरवले आहे, असे त्यांच्या मुलाने मला दिवाळीत सांगितले. भावाने दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. महिन्यातून एकदा तो गावी यायचा, आईला औषधे आणून द्यायचा आणि त्याच दिवशी परतायचा. आईने तो विषय त्याच्याशी काढला नाही. मला मात्र तिने एकदा फोनवर विचारले, "त्या पोऱ्याले माय शे का रे?"

मी भावाला विचारून सांगितले, आहे.

"आनि त्यान्हं नाव?"

मी नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले.

या वर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी आई नानांच्या घरी गेली. काय बोलणे झाले हे दोघांपैकी कोणी सांगितलेले नाही. रविवारी सकाळी नाना मुलांना घेऊन आले. भाऊ दीपनगरहून आधीच आला होता आणि ओट्यावर बसला होता. आईने सूप घेतले. नानांचे नाव घेतले, भावाचे घेतले, माझे घेतले, नानांच्या मुलांची आणि दोन्ही घरांतल्या पोरांची घेतली. सगळ्यांच्या मुठी टाकून झाल्यावर तिने ओडिशाच्या त्या माणसाचे नाव घेतले आणि पाच मुठी टाकल्या. मग माझ्या वडिलांचे नाव घेतले आणि आणखी पाच टाकल्या.

नानांनी सुपाकडे पाहिले. ते उठले नाहीत. त्यांच्या मुलाने गहू दळायला नेले.

संध्याकाळी भाऊ पंगतीत बसला, भिंतीकडच्या टोकाला. त्याने रोट खाल्ले. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली तेव्हा तो सोबत नव्हता. तो पहिल्या एसटीने दीपनगरला गेला होता.