हंबरणारं तरस

"थानं मोजायला आलाय व्हय रं मुडद्या? तुझ्या घरी आया-बहिनी न्हाईत का?"

समोरच्या घराच्या दारातून आजी अशी ओरडली, की पारावरच्या लिंबाची पानं गळाली. म्हणजे, पानं आधीच नव्हती. कर्जत तालुक्यातलं गाव, आणि साल बहात्तरच्या दुष्काळाचं. पण असती तर गळाली असती, हे मी शपथेवर सांगतो.

सगळा घोळ एका शब्दाचा. पुण्याचे एक प्राध्यापक गावोगाव फिरून, लोकांना विचारून, कुठल्या शिवारात कुठले रानटी सस्तन प्राणी आहेत याचा नकाशा करत होते. मी त्यांचा दुभाष्या: नगरच्या कॉलेजात शिकणारा, शेतकऱ्याच्या घरचा, आणि आवाज असा की मी सुप्यात खोकलो तर घोडेगावच्या बाजारात बैल बुजायचे.

सरांनी पारावर विचारलं, "आपल्या भागात कोणकोणते सस्तन प्राणी आढळतात?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी मदतीला धावलो. सस्तन म्हणजे काय, तर थानं असलेली, पिल्लांना दूध पाजणारी. मी खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्याकडं थानवाली जनावरं किती हायत?" भाषांतरात काही खोट होती असं मला अजूनही वाटत नाही.

पण त्या वर्षी एक आवई उठली होती. सरकार दुभती जनावरं मोजणार आणि लांबच्या कुठल्याशा छावणीत नेऊन ठेवणार. शेजारच्या गावची नेलेली गुरं परतलीच नाहीत, असंही कुणीकुणी सांगत होतं. आजीच्या दावणीला एकच गाय उरलेली, नुकती व्यालेली, आणि तिच्या दुधावर आजीचं आईवेगळं नातवंड जगत होतं. आमच्या जीपची धूळ अशी, की आम्ही पोचायच्या आधी गावात दिवेलागण व्हायची. ती धूळ दिसल्याबरोबर आजीनं गाय ओढत नेऊन थेट माजघरात बांधली. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना.

"आजी, घरातली नव्हे, रानातली जनावरं," सर म्हणाले.

"रानात गवताची काडी न्हाई," पोलीस पाटील मध्येच बोलला. "तितं जनावर काय दगडं चघळाया येतंय?"

मग सरांनी पिशवीतून रंगीत चित्रं काढली. लांडगा, खोकड, तरस, काळवीट. पोलीस पाटलानं लांडग्याचं चित्र हात लांब करून न्याहाळलं.

"ह्यानं काय केलंय?"

"काही नाही. हा इथं दिसतो का?"

"काय केलं न्हाई, मग फोटू कशाला काढलाय?"

चित्र पारावर हातोहात फिरलं. लांडग्याला कुणी ओळखच देईना. एक म्हातारा म्हणाला, "आमच्यातला न्हाई ह्यो. श्रीगोंद्याकडचा असंल." तेवढ्यात मागच्या माळावरून काळविटांचा कळपच्या कळप उड्या मारत गेला. अख्ख्या पारानं तिकडे पाठ फिरवली. एकानं तर उगाच चंची काढून पान लावायला घेतलं.

त्या गावापुरता सरांचा नकाशा कोराच राहणार, असं दिसत होतं. तोच समोरच्या घरातून आवाज आला, "हम्मऽऽऽ!" माझ्या हातातला पाण्याचा पेला थरथरला.



"हे काय?" सर उठून दाराशी गेले. मीही मागोमाग.

आजी चौकटीला दोन्ही हात लावून दारात आडवी उभी राहिली. "तरस."

"तरस?"

"घरामागं येतंय. आन ती चित्रं हिकडं." तिनं सरांच्या हातातून चित्रं ओढली आणि बरोबर तरसाचं काढलं. "ह्ये. पट्ट्यापट्ट्याचं."

साऱ्या सकाळीत कुणी ओळखलेलं हे पहिलं जनावर.

"पण तरस हंबरतं?" सरांनी माझ्याकडे वळून विचारलं. आजीनं माझ्याकडे बघितलं. पारही बघायला लागला. आजीच्या काखेखालून मला माजघरात माशा वारणारी एक शेपटी स्वच्छ दिसत होती.

मी घसा साफ केला. "सर, कर्जतचं तरस हंबरतं. जामखेडचं भुंकतं. पाथर्डीकडं तर शिंका देणारं एक मी स्वतः बघितलंय. वाऱ्याचा फरक असतो."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझं विद्यापीठाच्या परीक्षेतलं भविष्य मला तिथल्या तिथं कळलं. मग त्यांनी नकाशात त्या गावावर तरसाचं तांबडं टिंब दिलं. शेजारी एक प्रश्नचिन्ह.

सर जीपमध्ये जाऊन बसले. तरसाचं चित्र आजीच्याच हातात राहिलं होतं, ते आणायला मी परत गेलो. ती अजून दारात तशीच आडवी.

"आजी," मी जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणालो, "मी बी शेतकऱ्याचा पोरगा. कुनाला सांगायचो न्हाई. आत गाय हाय ना?"

आतून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा दमलेला. आजीनं मागं वळूनही बघितलं नाही. चित्र माझ्या हातात ठेवलं.

"तरस हाय," ती म्हणाली. "उपाशी असलं की हंबरतं."