वळणावरची पोती

टीव्हीवर परदेशातली व्यावसायिक सायकल शर्यत लागली, की मी सायकलस्वारांकडं कमी आणि खांबांकडं जास्त बघतो. तिकडं धोक्याच्या वळणावर खांबांना गाद्या बांधतात. आमच्या औरंगाबादच्या शर्यतीतही गाद्या असायच्या, पण त्या प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर.

फुलंब्रीहून शहराकडं येणाऱ्या त्या शर्यतीत, हर्सूलच्या अलीकडच्या उतारावर, मी वळणावरच्या दगडी कठड्यावर आपटलो. खांद्याचं हाड मोडलं. लोक धावत आले आणि त्यांनी आधी सायकल उचलली. मग मला उचलून तिच्यावर बसवलं आणि मागून ढकललं. एका हातानं हँडल धरून, बोंबलत, मी शर्यत पुरी केली आणि शेवटून पहिला आलो. याला म्हणतात जिद्द, असं सगळे म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र गाढवपणा म्हटलं आणि पुन्हा शर्यतीचं नाव काढायचं नाही, असं बजावलं.

घरी खाटेवर पडल्या पडल्या मी आयोजक मंडळाच्या सचिवांचं डोकं खाल्लं: त्या कठड्याला भुशाची पोती लावा. कारण पुढच्या वर्षी माझा जोडीदार तिथून येणार होता. शहागंजातल्या अत्तरवाल्याचा हा पोरगा रोज पहाटे माझ्याबरोबर सराव करायचा, आणि उतारावर ब्रेक दाबणं त्याला अपमानाचं वाटायचं. सचिवांनी मान डोलावली. मला वाटलं, काम झालं.

झालं ते निराळंच. मंडळानं माझ्या जिद्दीचा जाहीर सत्कार ठरवला, आणि औचित्य म्हणून तो नेमका त्या वळणावर, पुढच्या शर्यतीच्याच दिवशी. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा आला. पोतीसुद्धा आली होती. मंच डगमगत होता, म्हणून ती मंचाखाली सारली होती.

मी सचिवांच्या कानाशी लागलो. ते शांतपणे म्हणाले, "सत्कार तं होऊ दे आधी. पोती काय पळून चालली का?"

प्रमुख पाहुणे संकटावर मात कशी करावी ते सांगत होते. तेवढ्यात उताराच्या माथ्यावर शिट्टी वाजली. सगळ्यांत पुढं माझा जोडीदार होता, आणि तो ब्रेक दाबत नव्हता. मी फेट्यासकट खाली उडी मारली आणि पोती ओढायला लागलो. पुढं बसलेल्या दोघातिघांना सुचलं, तेही हात लावायला आले. मंच कलला. पाहुणे खुर्चीसकट घसरले, पण माइक काही सोडला नाही. शेवटचं पोतं आम्ही कठड्याला टेकवतोय, तोच जोडीदार वळणावर घसरला आणि सरळ पोत्यांत घुसला.

सगळीकडं भुसा उडाला. मला काही दिसेना. मग भुशातून शिंक ऐकू आली. तो उठला, डोळे पुसले आणि सायकल शोधायला लागला. मी त्याच्या गळ्यात पडून सगळ्यांदेखत रडलो. त्यानं मला बाजूला सारलं आणि तो पुढं निघून गेला.

मंडळाच्या बैठकीत समारंभाचा विचका केल्याबद्दल मला समज मिळाली. मी ती ऐकून घेतली आणि सचिवांना विचारलं, की दादा, यंदा सत्कार माझ्या जोडीदाराचा ना? पडला, उठला, शर्यतही पुरी केली त्यानं.

सचिवांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"त्याचा कशापायी सत्कार? त्याला कुठं काय लागलंय?"