दुसऱ्या चुलीचा खांब

वडील माघात गेले. त्या दुपारच्या धावपळीत भावकीतल्या कोणीतरी ओसरीच्या कडेला ठेवलेला वेळू उचलला, तोडला आणि तिरडीला लावला. चूक कोणाचीच नव्हती. वेळू हाताशी होता, सरळ होता. वडील दरवर्षी त्याच वेळूवर झेंडा लावत, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा सुटली तरी झेंड्याची सवय सुटली नाही. निवृत्तीनंतर ते पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला घरासमोर फाटकाच्या खांबाला वेळू बांधत. वस्तीवरची माणसं जमली की स्वतः दोरी ओढत, आणि राष्ट्रगीताचा पहिला सूर इतका खाली धरत की पुढे कोणालाच गाता येत नसे.

आषाढात एका सकाळी आई म्हणाली, "यंदा पंधरा ऑगस्टला झेंडा लागला पाहिजे. वेळू नको आता. लोखंडाचं काहीतरी बघ. अन् तूच लाव, त्यांच्यामागं तुझंच काम हाय ते."

मला हे हवंच होतं. वडील गेल्यापासून मी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या होत्या, पुष्कळ लोकांना चहा दिला होता; पण त्यांच्यासाठी असं काहीच केलं नव्हतं जे केल्यावर जरा बरं वाटेल.

आमचं घर बालाघाटाच्या माथ्यावर आहे. समोरच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आषाढ-श्रावणात दोरीवर वाळत घातलेलं धोतर शेजारच्या शिवारात जाऊन आणावं लागतं. म्हणून मी आधी बसून वाचलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. खांब जितका उंच आणि कापड जितकं मोठं, तितका बुडाशी ताण जास्त. आमच्यासारख्या जागी आखूड खांब आणि लहान झेंडा, एवढंच शहाणपणाचं होतं. एवढी सरळ गोष्ट पुढे कोणालाच पटवता येणार नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

बीडला गेलो. पाइपांच्या दुकानात कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले दुकानदार बसले होते.

"किती फुटी दाखवू, सर? वीस? तीस?"

"बारा."

"बारा? बारा फुटांत काय दिसंल?"

"घरापुढं लावायचाय. वारा फार असतो आमच्याकडं."

"मग चांगलंच की! वारा न्हाई तर झेंडा फडकंल कसा?"

त्यांनी मला सोनेरी गोळा बसवलेला चकचकीत खांब दाखवला. मी जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे, तीन तुकडे मागितले, खाली जाड, मध्ये मध्यम, वर बारीक, एकात एक बसवून जोडलेले. त्यांनी ते करून दिले. पण मी गाडीत ठेवेपर्यंत ते माझ्याकडे, माणूस दुकानातून जरा हलकीच वस्तू घेऊन चाललाय, अशा नजरेने बघत होते.

खड्डा खणायला सुरुवात केली त्या दिवशी चुलते आले. हे वडिलांचे धाकटे भाऊ, गावचे माजी सरपंच. वाटणी फार जुनी, पण आमच्या घरात काही घडणार असलं की त्यांना कसं कोण जाणे कळतंच.

"काय चाललंय?"

"झेंड्याच्या खांबाला खड्डा."

"उभा कोण करणार?"

"मीच."

"कावून बे, एवढी पुस्तकं वाचलीस ती काय रद्दीत घालायला? वर्ष व्हायचंय अजून. पाडव्याला गुढी उभारली का तुमी?"

"नाही."

"मग? वर्षाच्या आत ह्या चुलीच्या माणसानं दारात काठी उभी करायची न्हाई."

आई दारात आली. "गुढी सणाची असती, भावजी. झेंडा काय सणाचा हाय का?"

"उभं तर दारातच ऱ्हाणार ना, वैनी? उद्या काय इकडंतिकडं झालं तर?"

आईने माझ्या हातातली कुदळ काढून घेतली. तिला मी एकटाच आहे. 'उद्या काय झालं तर' या वाक्याची तिला भीती वाटते, हे चुलत्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. वाईट असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

"माझी चूल वेगळी हाय," ते म्हणाले. "मी उभा करतो. तू नुसता बाजूला थांब."

मग त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या माझ्या खांबावर गेली. "अन् हे काय? शेवग्याची शेंग? माझा भाऊ मास्तर होता, बे. नारायणगडावरनं दिसंल असा खांब पाहिजे."

नारायणगड कुठे, आम्ही कुठे. मी वाऱ्याचा जोर, उंची, कापडाचा आकार, सगळं सांगितलं. त्यांनी ते सभेत विरोधकाचं ऐकावं तसं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये वीस फुटी, सगळीकडे सारख्याच जाडीचा पाइप घेऊन आले. खाली खडक लागला तिथेच खड्डा थांबवला. पाइप उभा केला, सिमेंट ओतलं आणि ते ओलं असतानाच चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मला पाइपला हात लावू दिला नाही. मी बादलीने पाणी आणून देत होतो.

सकाळी खांब पवनचक्क्यांच्या दिशेने झुकलेला होता.

"वाकडा न्हाई तो," चुलते म्हणाले. "वाऱ्याला जरा मान दिलाय."

तसाच राहिला असता, पण दोरी होती. नायलॉनची दोरी पोकळ पाइपवर रात्रंदिवस आपटायची. टण्, टण्, टण्. मी ती ओढून करकचून बांधायचो, वारा ती पुन्हा सैल करायचा. आई उठून बसायची आणि म्हणायची, दारात कोणीतरी भांडं वाजवतंय असं वाटतंय. चौथ्यांदा तिने असं म्हटलं तेव्हा मी चुलत्यांना फोन करून सांगितलं की खांब काढतोय. काढायला चुलीचा प्रश्न येतो का, हेही विचारलं. ते रागावले. दोन दिवस आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते गवंडी घेऊनच. "लाव तुझी शेवग्याची शेंग," म्हणाले. खडक फोडून खड्डा खोल केला, मुरूम ठासला, आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत खांबाला तीन बाजूंनी दोरांचे ताण दिले. तेही माझ्याच सांगण्यावरून. पण हात त्यांचे. मी ओळंबा लांबून बघत "जरा डावीकडं" म्हणत राहिलो. वडिलांसाठी करायच्या एकमेव कामात मला एवढीच जागा उरली होती. काम बरोबर होत होतं आणि तरी मला चीड येत होती. कोणाची, ते सांगता आलं नसतं.

पंधरा ऑगस्टला खांब सरळ उभा होता. वस्तीवरची माणसं आली. झेंडा वडिलांचाच, खादीचा, लहान. चुलत्यांनी फेटा बांधला होता. त्यांनी दोरी ओढली, झेंडा उलगडला आणि ओढणाऱ्या वाऱ्यात एकदम ताठ झाला. मी रांगेत इतरांबरोबर उभा होतो. राष्ट्रगीत चुलत्यांनी चांगल्या उंच सुरात सुरू केलं, सगळ्यांना नीट गाता आलं. मग ते मोठ्या भावाबद्दल चार वाक्यं बोलले, पाचवं अर्ध्यावर सोडून त्यांनी पेढ्यांचा खोका उघडला. त्यानंतर ते ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाला गेले.

दुपारी वारा वाढला. आई ओसरीवरून म्हणाली, "कडंची शिलाई उसवतीय बघ."

खरंच उसवत होती. हिरव्या पट्ट्याच्या टोकाचे धागे सुटून वाऱ्यावर उडत होते. फाटका झेंडा वर ठेवायचा नसतो. मी चुलत्यांना फोन लावला. मागे लाउडस्पीकर चालू होता.

"काका, झेंडा उसवतोय. उतरवायला लागंल. तुम्ही येताय का?"

"मी कशाला? उतरव की बे! उभारायला मनाई हाय, उतरवायला कोण अडवतंय?"

एवढे दिवस हे कोणी बोललं नव्हतं. मी टोमण्यात विचारलं होतं तेवढंच; ते खरंच असेल असं मलाही सुचलं नव्हतं.

मी खांबाशी गेलो. दोरीची गाठ वाऱ्याने इतकी आवळली होती की ती सोडताना नख दुखावलं. झेंडा हळूहळू खाली घेतला. अर्ध्यावर वाऱ्याने तो खांबाला गुंडाळला, पुन्हा वर नेऊन सोडवावा लागला, पुन्हा खाली घेतला. शेवटी तो माझ्या छातीवर येऊन आपटला आणि मी दोन्ही हातांनी धरला. आई खाली उतरून आली. तिने दोन टोकं धरली, मी दोन धरली. वारा मधलं कापड फुगवून आमच्या हातांतून ओढत होता आणि आम्ही एकमेकांकडे न बघता ते धरून उभे होतो.

"घट्ट धर," आई म्हणाली.