पाण्यातली दोन लिंबं

सायलीचा, आमच्या ताईच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मी अलिबागच्या घरी चहा गाळत होते. "मावशी, आई उठत नाहीयेत…" मग म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले." मी तिला म्हटलं, पुन्हा बघ, नीट बघ. जणू काही ती पोरगीच चुकत होती. किहीमला पोचले तर उषाताई, माझी सख्खी थोरली बहीण, पडवीत निजवलेली. हृदय बंद पडलं म्हणे. तक्रार असायची ती गुडघ्यांची! सकाळी फोनवर माझ्याशी भांडलेली बाई दुपारी नाही, हे महिना उलटला तरी मला पटत नाही.

भांडण तसं रोजचंच. तिच्या मुलाने, नितीनने, आम्हा दोघींच्या फोनवर एक पॉडकास्ट लावून दिला होता. रोज पाच मिनिटं, जगातली एखादी नवलाची गोष्ट. मी ऐकून थक्क व्हायचे. ताई मात्र मधेच बंद करून उठायची. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? करून बघू." गरम पाणी गार पाण्याच्या आधी गोठतं असं एकदा ऐकलं, तर हिने सुनेचे मटार बाहेर काढून फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवल्या. सासू-सुना दोघी दार उघडून पुन्हा पुन्हा बघत बसल्या, आणि अर्थात काहीच गोठलं नाही. "मेला काहीही ठोकून देतो," असा निकाल मला फोनवर मिळाला.

त्या दुपारी तिच्या खुर्चीशेजारी पाण्याची बादली होती. तळाशी दोन लिंबं, त्यातलं एक सोललेलं. शेजारच्या काकींनी ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला. "पाण्यात लिंबं कोण टाकतं गो? तीही अशी?" पुढचं, करणीचं, कुणाला बोलावं लागलं नाही. नितीन न्हावा शेव्याला कामावर, घरात काय ती सून. तिच्या तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही, पण तिने केलेला चहा बायकांनी तसाच ठेवला. नितीनसुद्धा तिच्या नजरेला नजर देईना. संताप आला मला. पण ती लिंबं तिथे कशाला, हे मलाही सांगता येत नव्हतं, आणि सायली तर बधिर होऊन नुसती कामं उरकत होती.

ताईचा फोन हातात घ्यायचं धैर्य दहाव्यानंतर आलं. त्या दिवसाचा भाग अर्धाच ऐकलेला होता. मी तो पहिल्यापासून लावला… संत्रं सालीसकट पाण्यात टाकलं तर तरंगतं, सोललं की बुडतं, कारण सालीत हवा असते. घरात संत्रं नव्हतं, वाडीतली लिंबं होती. बाईने लिंबांवर भागवलं! पातळ सालीची ती, सोललेलं-न सोललेलं दोन्ही बुडाली; पॉडकास्टवाला खोटा पडला म्हणून किती खूश झाली असेल. मला फोन करायलाच निघाली असणार.

बाराव्याला सगळी मंडळी पडवीत असताना मी बादली मधोमध ठेवली आणि तो भाग मोठ्याने लावला. कुणीतरी आणलेल्या फळांतलं एक संत्रं पाण्यात सोडलं. तरंगलं. सोलून सोडलं, ते तळाला गेलं. नितीन उठून सायलीजवळ जाऊन उभा राहिला. काकी म्हणाल्या, "आम्हाला काय ठाऊक गो, वहिनींचे हे उद्योग…"

सायली बादलीपाशी येऊन बसली. "आई एका संत्र्यावर ऐकल्या नसत्या, मावशी," ती म्हणाली. "अजून एक टाका." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.